पहिल्या पाण्याची अंडी

तिला सगळे धाकटी म्हणतात, आणि घरात दुसरं मूल नाही. हे कसं, तर थोरली टाकीत आहे. थोरली म्हणजे मासा. परातीएवढा रुंद, चपटा, एका कुशीवर आडवा पडून जन्म काढणारा मासा. दोन्ही डोळे वरच्या अंगाला, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी अपमान केल्याचा भाव. धाकटीचा जन्म व्हायचा त्याच दिवशी दादांना ती जाळ्यात जिवंत मिळाली, आणि या गृहस्थाने दिवस भरलेल्या बायकोला दवाखान्यात न्यायच्या आधी मासा हौदात सोडला. त्यावरून आईने जे तोंड सोडलं ते अजून बंद झालेलं नाही. "माझी एक, यांच्या दोन," असं ती आल्यागेल्याला सांगते, आणि पाहुणा बुचकळ्यात पडला की तिला बरं वाटतं.

दादा म्हणजे धाकटीचे वडील, पण सगळं बंदरच त्यांना दादा म्हणतं, म्हणून तीही म्हणते. तरुणपणी त्यांची बोट होती. थोरलीच्या जातीच्या माशांवर, म्हणजे चपट्यांवर, अख्ख्या बंदराची पोटं चालायची, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत जाळी हलकी होत गेली. इतरांनी समुद्राला शिव्या घातल्या. दादांनी बोट विकून बंदराच्या टोकाला पत्र्याची शेड टाकली, सिमेंटचे हौद बांधले आणि माशांची पैदास करायला घेतली. लोक हसले. शेवटी हौदातल्या अंड्यांतून बोटाएवढी पिल्लं निघाली, ती बोटुकली त्यांनी दुसऱ्यांच्या बोटीतून खोल पाण्यात नेऊन सोडली, आणि चार-पाच मोसमांनी जाळी पुन्हा थोडी भरायला लागली, तेव्हा तेच लोक दादांना रस्त्यात वाकून नमस्कार करू लागले. पत्रा गळतो, पंप दमेकरी म्हाताऱ्यासारखे धापा टाकतात, पण हॅचरी चालू आहे. आणि हॅचरी म्हणजे थोरली, असं दादांचं सरळ गणित.

धाकटी शहरात शिकून आली. माशांच्या रक्तात काय काय असतं, कुणाचं कुणाशी नातं, कुठलं घराणं वाढतंय आणि कुठलं बसतंय, हे तिचं शिक्षण. त्या जनुकांचं नाव काढलं की आई हात जोडते. पण हॅचरीची तांत्रिक बाजू आता धाकटीच्या हाती होती, आणि कुठल्याही सरकारी दाखल्यावर सही तिची लागायची. तिने नाही केली तर मूळ परवानेदार म्हणून दादांची चालायची. हे एवढं लक्षात ठेवा, कारण सगळं घोडं इथेच पेंड खाणार आहे.

बंदराच्या पलीकडे एक मोठं उथळ आहे. भरतीला गुडघाभर पाणी, ओहोटीला नजर पोचेल तिथवर ओली वाळू आणि मऊ चिखल. सगळे त्याला अंगण म्हणतात, कारण चपट्यांची पिल्लं तिथेच रांगतात. मोठे मासे खोल समुद्रात अंडी सोडतात, ती तरंगत किनाऱ्याकडे येतात. पिल्लं सुरुवातीला चारचौघांसारखी सरळ पोहतात, एक डोळा डावीकडे, एक उजवीकडे. मग कधीतरी एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो आणि पिल्लू आडवं होतं ते कायमचं. त्या दिवसांत त्याला कोमट पाणी लागतं आणि अंगावर ओढून घ्यायला वाळू लागते. वाळू नाही मिळाली तर ते बगळ्याच्या पोटात जातं.

तर हे अंगण एका कंपनीला भराव घालून हवं होतं. कंटेनर ठेवायला. सरकारने अट घातली होती की माशाचं नुकसान होणार नाही असा दाखला हॅचरीने द्यावा. म्हणजे असं लिहून द्यायचं, की आमची बोटुकली समुद्रातल्या जातिवंत माशाच्या तोडीस तोड आहेत, ती अंगणाशिवाय जगतात, आणि अंगण गेलं तरी चपटा राहील. एक कागद, त्याखाली एक सही. बदल्यात हॅचरीला पक्की इमारत, नवे पंप, स्टीलच्या टाक्या, आणि दारावर दादांच्या नावाची पाटी.

तो कागद आला त्याच आठवड्यात धाकटीच्या हातात तपासणीचा निकाल आला होता.

झालं होतं असं. जाळ्यात हल्ली एक वेगळाच चपटा दिसायला लागला होता. या माशाची वरची बाजू वाळूच्या रंगाची आणि खालची पांढरी स्वच्छ असते. या नव्या माशांच्या पोटाखाली काळे डाग. हौदात, उजेडात, वाळूशिवाय वाढलेल्या पिल्लांना असे डाग पडतात, म्हणजे ही आपलीच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोटवाले त्यांना 'दादांची पोरं' म्हणायचे, आणि दादा मिशीत हसायचे. धाकटीने त्या डागवाल्यांच्या आणि स्वच्छ पोटाच्या, अशा दोन्ही माशांच्या परांचे बारीक तुकडे कापून तपासायला पाठवले होते. निकाल वाचून तिच्या तोंडचं पाणी पळालं. डागवाले सगळे एकमेकांची भावंडं होती. सगळे एकाच आईचे. आणि स्वच्छ पोटाच्या माशांतही त्याच आईची नातवंडं-पतवंडं शिरलेली होती. अख्खा किनारा हळूहळू एकाच घरचा होत चालला होता.

आता टाकीत काय एकटी थोरली होती? माद्या भरपूर होत्या, वेगवेगळ्या ठिकाणाहून आणलेल्या, खाऊनपिऊन टुणटुणीत. धाकटीला वाटलं प्रयोगशाळेने घोळ घातला. तिने पुन्हा तुकडे पाठवले. पुन्हा तेच. मग एका सकाळी ती स्टूल घेऊन टाकीशी जाऊन बसली आणि रोज स्वतःच्या हाताने होणारं काम पहिल्यांदाच नुसतं बघत राहिली.

हॅचरीत अंडी गोळा करायची पद्धत सोपी आहे. अंडी तरंगतात. टाकीचं वरचं पाणी एका तोटीतून बारीक जाळीच्या पिशवीत पडतं, अंडी पिशवीत अडकतात. दादांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम असा, की उजाडताना पिशवी भरली की उचलायची, तोटी बंद करायची, मोरी उघडायची आणि टाकी धुवायला घ्यायची. पहिल्या पाण्याची अंडी तेवढी जिवट. मागाहून येतात ती उष्टी. हे वाक्य धाकटीने पाढ्यांच्या आधी पाठ केलं होतं आणि ती पिशवी तिने स्वतः वर्षानुवर्षं उचलली होती. त्या सकाळीही दादांनी पिशवी उचलली, मोरी उघडली, समाधानाने हुंकार भरला आणि पंपाकडे गेले. धाकटी बसून राहिली. थोरली अंडी टाकून कोपऱ्यात जाऊन पडली होती. मग बऱ्याच वेळाने एकेक दुसरी मादी वर सरकायला लागली, मोठ्या जावेचं आंघोळपाणी आटपेपर्यंत बाकीच्या खोळंबून राहाव्यात तशी. धाकटी उठली, शेडच्या कोपऱ्यातली चहाची गाळणी घेतली आणि मोरीच्या तोंडाशी धरली. गाळणी काचेच्या मण्यांसारख्या अंड्यांनी भरली. जिवंत, निर्मळ, एकही वाया न गेलेलं. इतकी वर्षं बाकीच्या सगळ्यांची लेकरं मोरीतून वाहून जात होती आणि एकट्या थोरलीचा वंश समुद्रात सोडला जात होता.

ती गाळणी तशीच घेऊन दादांकडे गेली. दादांनी गाळणीत बघितलं, मोरीकडे बघितलं, मग तिच्याकडे. कपाळावर एक आठी नाही.

"चहाची गाळणी आहे ती," ते म्हणाले. "धुऊन जागेवर ठेव."

आणि त्यानंतर त्यांनी तिच्याशी अबोला धरला. जेवताना पाणी हवं असलं तर आईला सांगायचे, आणि आई म्हणायची की मी काय तुमच्या दोघांतला नळ आहे का.

धाकटी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ते ऐकत नाहीत हे माहीत असूनही ती पंपाशी, हौदाशी, दाराशी त्यांना गाठून सांगत राहिली. गेल्या उन्हाळ्यात पंप बंद पडून पाणी तापलं तेव्हा काय झालं आठवा, ती म्हणाली. हॅचरीची बोटुकली सगळी एकदम उलटी झाली, एकही उरलं नाही. शेजारच्याच हौदात अंगणातून आणलेली पिल्लं होती, तेच पाणी, तोच उन्हाळा. त्यातली काही मेली, पण काही तगली. कारण ती वेगवेगळ्या आयांची. कुणाच्या रक्तात उष्णता सोसायची ताकद, कुणाच्यात रोग परतवायची, कुणाच्यात पावसाचं गोडं पाणी पचवायची. एकाच आईची सगळी असली की एकच दुखणं सगळ्यांना झाडून नेतं. दादांनी पहिल्यांदा तोंड उघडलं ते इथे. पंपाचा दोष माशावर घालू नकोस, म्हणाले. या बंदराला मासा मी दिला.

"दिलात," धाकटी म्हणाली. "पण सगळा एकाच घरचा दिलात."

ते चालते झाले. तिला वाईट वाटलं नाही असं नाही, खूप वाईट वाटलं. ज्या माणसाने जन्म दिला त्याच्या कामाला आपण खोट दाखवतोय हे तिला रात्रंदिवस टोचत होतं. पण अंगणात अजून वेगवेगळ्या आयांची पिल्लं येत होती, आणि तो सगळा भांडवलाचा साठा होता. अंगण बुजलं की उरणार फक्त थोरलीची. मग एखादा वाईट उन्हाळा यायचा अवकाश, की या किनाऱ्यावरचा चपटा संपला. तिने मनाशी ठरवलं, सही करायची नाही. घर फाटलं तरी नाही.

कंपनीचे साहेब फार गोड माणूस. बोटवाल्यांनी दुसऱ्याच भेटीत त्यांचं नाव साखरसाहेब ठेवलं. ते शेडमध्ये आले, गळक्या पत्र्याखाली उभे राहून दादांच्या कामाचं इतकं कौतुक केलं की दादा हरभऱ्याच्या झाडावर चढले ते उतरायला तयार होईनात. थोरलीपाशी जाऊन साहेबांनी चक्क हात जोडले. मग धाकटीकडे वळून म्हणाले की ताई, एवढ्याशा सहीसाठी वडिलांचं स्वप्न का अडवता. धाकटीने तपासणीचा निकाल त्यांच्यापुढे धरून समजावला. त्यांनी मान हलवत शेवटपर्यंत ऐकलं, आणि म्हणाले की बरोबर आहे तुमचं, नव्या इमारतीत हे सगळं सुधारता येईल. ती म्हणाली, इमारतीत वाळू वाढत नाही. साहेब हसले. या हसण्याचा तिला संताप आला, कारण त्यात राग औषधालाही नव्हता. त्यांना ठाऊक होतं की दुसरी सही आहे.

बंदरावर बातमी पसरली. कंटेनरच्या यार्डात अनेकांच्या घरच्यांना नोकऱ्या कबूल झाल्या होत्या, त्यामुळे कालपर्यंत जे तिला परांचे तुकडे कापायला मासे हातात आणून द्यायचे ते तिला बघून जाळं झटकायला लागले. एका सकाळी दाराच्या पायरीवर काळ्या डागांचा एक मेलेला मासा पडलेला होता, आणि त्याखाली खडूने लिहिलं होतं, 'तुझा भाऊ'. आईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती झाडू घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. धाकटीने मासा उचलला, आत नेला, पराचा तुकडा कापून बाटलीत टाकला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, नमुना फुकट मिळाला, उद्यापासून रोज ठेवत जा.

त्या दिवशी आईने तिच्यासमोर चहा ठेवला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "बापाशी भांडताना बापाचीच हनुवटी पुढे काढतेस," ती म्हणाली. एवढंच. पण पाठीवरून हात फिरवून गेली.

शेवटी बैठक ठरली. जाळी विणायच्या मोठ्या शेडमध्ये, भर दुपारी, सगळे बोटवाले आणि त्यांची घरची माणसं. टेबलावर कागद, कागदावर पेन, टेबलामागे साखरसाहेब. धाकटीला आधी विचारलं. ती उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. अंगण का हवं, पिशवी उचलायची घाई कशी नडली, किनारा एका घरचा कसा होतोय. नोकऱ्या तुम्हाला हव्यात हे मला कळतं, म्हणाली, पण यार्डातला माणूसही घरी येऊन मासाच मागणार आहे. मी खोटा दाखला देणार नाही. मला काढा, दुसरं कुणी बसवा, तोही शहाणा असेल तर देणार नाही. मागून कुणीतरी ओरडलं की शिकून आलेल्यांना बापाची लाज वाटते. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. ती दादांकडे बघत होती, आणि दादा जमिनीकडे.

साहेबांनी पेन अलगद दादांपुढे सरकवलं. मूळ परवानेदार, म्हणाले, आणि या बंदराचे पोशिंदे.

दादांनी पेन उचललं. पण माणूस स्वाभिमानी. भरल्या शेडमध्ये पोटच्या पोरीने त्यांच्या माशाला कच्चा म्हटलं होतं, आणि ते तसंच ठेवून सही करणं त्यांच्या जिवावर आलं. ते म्हणाले, सही मी करतो, पण आधी सगळ्यांना दिसू दे. अंगणातली वाळू आणा. दोन पसरट टब आणा. एकात अंगणातली पिल्लं सोडा, एकात माझी. माझी वाळूत गेली नाहीत तर बोला.

धाकटीचा चेहरा उतरला. हा प्रयोग तिने हौदाशी एकटीने केव्हाच करून पाहिला होता. काय होणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर ती इतक्या दिवसांत ते कुणाला बोलली नव्हती. बापाला कागदाने हरवायला ती तयार होती, असं चारचौघांत नव्हे.

"दादा, नको," ती म्हणाली. "सही करायची तर करा. हे नको."

दादांना वाटलं, पोरगी घाबरली. त्यांनी जवळजवळ प्रेमाने हात हलवून तिला गप्प केलं आणि बाह्या सरसावल्या. साहेबांची काही हरकत नव्हती. सहीआधी थोडा तमाशा झाला तर त्यांना तो हवाच होता.

टब आले, वाळू पसरली, वर वीतभर पाणी. अंगणातली पिल्लं एका बोटवाल्याने बादलीतून ओतली. ती तळाला टेकली, कडेची परांची झालर दोनदा थरथरली, वाळू उडाली आणि बसली, आणि टबात काहीच नव्हतं. बघणाऱ्यांनी माना पुढे काढल्या तरी काही दिसेना. मग दादांनी स्वतःच्या हाताने आपली बोटुकली सोडली, एकेक, ओंजळीतून.

ती वाळूवर पडली आणि पडूनच राहिली. पाटावर मांडल्यासारखी सगळी उघडी, एकेक मोजून घ्यावं अशी. दादांनी थोडा वेळ दिला. मग बोटाने एकाला ढोसलं. ते जरा सरकलं आणि पुन्हा वाळूवर बसलं. दादा उकिडवे झाले. त्यांनी चिमूटभर वाळू घेऊन एकाच्या अंगावर पसरली, पांघरूण घालावं तशी. त्या पिल्लाने ती झटकून टाकली. तोवर दादांची सावली पाण्यावर पडली होती, आणि सावली पडली की खाणं येतं एवढंच त्या जिवांना जन्मापासून माहीत होतं. सगळी बोटुकली एकदम वर आली, दादांच्या हाताशी गोळा झाली आणि तोंडं उघडमीट करू लागली.

"जा रे," दादा हळूच म्हणाले. "खाली जा."

एकही गेलं नाही. मागे कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मधेच थांबलं. इतकी वर्षं दादांनी हीच बोटुकली बोटीतून खोल पाण्यात सोडली होती, ती खाली जाताना समाधानाने बघितली होती, आणि परत फिरले होते. खाली काय होत होतं ते वरून कुणाला दिसणार. कितीतरी सोडलेली, त्यातली जाळ्यात येईपर्यंत जगलेली मूठभर, आणि त्या मूठभरांवर हे बंदर आणि ते स्वतः खूश होते. धाकटी पुढे झाली, पण जवळ गेली नाही. आपण जिंकलो असं तिला एक क्षणही वाटलं नाही.

दादा उठले, हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले, पेन टेबलावर ठेवलं. "उद्या सकाळी या," ते साहेबांना म्हणाले, आणि कुणाकडे न बघता शेडबाहेर गेले. साहेब म्हणाले, अवश्य, आणि कागद नीट घडी घालून खिशात ठेवला.

 सकाळी धाकटी हॅचरीत पोचली तेव्हा तोटीला लावलेली पिशवी केव्हाच भरली होती आणि तरी जागची हललेली नव्हती. दादा थोरलीच्या टाकीत कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, हातात जुनी ताडपत्री. डोळे सुजलेले. तिला बघून त्यांनी ताडपत्रीचं एक टोक पुढे केलं.

"त्या बाजूने धर. जड आहे."

तिने टोक धरलं. दोघांनी मिळून थोरलीला ताडपत्रीच्या झोळीत घेतली आणि चालायला लागले. आईला कशी बातमी लागली देव जाणे, पण ती अर्ध्या वाटेत बादली घेऊन हजर झाली, आणि थोरलीच्या अंगावर पाणी शिंपत, ती आणताना मला विचारलं नाही, नेतानाही विचारत नाही, असं बोलत शेवटपर्यंत बरोबर आली. डोळे मात्र तिचेही भरलेले. जाळी दुरुस्त करत बसलेल्या बोटवाल्यांनी हात थांबवले. काही जण उठून मागे आले. 

अंगणात भरती नुकतीच चढायला लागली होती. गुडघाभर पाण्यात जाऊन त्यांनी ताडपत्री खाली केली आणि एक बाजू सोडली. थोरली घसरून वाळूवर टेकली आणि निश्चल पडली. धाकटीच्या वयाइतकी वर्षं सिमेंटवर काढलेला जीव. तिच्या रुंद पाठीवर हौदाचा फिकट रंग अजून तसाच होता, आणि स्वच्छ पाण्यात ती कुणालाही लांबून दिसली असती.

"विसरली असेल," दादा म्हणाले. 

"ही हौदात जन्मली नाही, दादा," धाकटी म्हणाली.

थोरलीचे कल्ले एकदा उघडले, मिटले. मग कडेची झालर डोक्यापासून शेपटीपर्यंत हलली. पुन्हा एकदा, जोराने. वाळूचा ढग उठला, पाणी गढूळलं, आणि निवळलं तेव्हा तिथे नुसती वाळू होती, भरतीने रेघा ओढलेली. नीट बघितलं तर दोन डोळे, आणि तेही जरा वेळाने ओळखू येईनात. दादा तोंडावर हात ठेवून उभे राहिले. रडले, सरळ रडले, लपवलं नाही. मग नाक पुसून म्हणाले की उरलेल्या माद्यांच्या टाकीची पिशवी आता दुपारपर्यंत काढायची नाही. सगळ्यांचं सगळं येऊ दे. आणि हौदांत वाळू घालायची, आजच. धाकटी हो म्हणाली. आईने रिकामी बादली पालथी घालून पाणी निथळवलं आणि म्हणाली, आज पहिल्यांदा यांचीही एकच लेक.

साखरसाहेब आले ते बूट सांभाळत. ओल्या वाळूच्या कडेला थांबून त्यांनी खिशातून कागद काढला आणि गोड हाक मारली. दादा पाण्यात होते तिथून हलले नाहीत. साहेबांनी मग नाइलाजाने पँट दुमडली, बूट हातात घेतले आणि पाण्यातून आत आले. मागे बोटवाले उभे होते, त्यातल्या कुणीही वाट दाखवली नाही. जवळ आल्यावर साहेब म्हणाले की दादा, काल ठरलं होतं, एवढी सही झाली की सगळ्यांचंच कल्याण. मग धाकटीकडे बघून हसले. धाकटीने हनुवटी वर केली.

दादांनी कागद हातात घेतला, उन्हात धरून वाचल्यासारखा केला आणि परत दिला.

"मी नाही करत, ही पण करणार नाही," ते म्हणाले. "जागा आमची नाही. ज्यांची आहे त्यांच्या सह्या घ्या. थोरली इथेच आहे, तुमच्या पायाशी कुठेतरी. तिची पोरंबाळं, जावा-नणंदा, सगळं गोत इथेच खाली आहे. एकेकाला शोधा, उठवा, विचारा. ते हो म्हणाले तर भराव घाला."

साहेबांनी खाली बघितलं. चहूकडे नुसती वाळू, आणि तिच्यावरून शांतपणे चढणारं पाणी. पुढे टाकायला उचललेला पाय त्यांनी तसाच अधांतरी धरला, आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.